मणिपूर-नागालँडच्या आयांकडे शिकायला जाताना : धुळ्याहून निघण्याआधी, तिथं आणि परतल्यावर

आमच्या गटाची पहिली चूक पिशवीतच होती. सात जणींनी वर्गणी काढून बारा साड्या घेतल्या होत्या, तिथल्या बायकांना भेट म्हणून. इंफाळच्या एका आजीनं साडीची घडी उलगडली, उलगडतच राहिली आणि शेवटी हसून म्हणाली, "केवढी लांब हो!" तिथं बायका फनेक, म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचं वस्त्र, नेसतात. आमच्या साड्या कुठल्यातरी कपाटात अजून असतील. दुसऱ्या खेपेला नागलीचे पापड, बिबड्या आणि केळीचे वेफर्स नेले. ते लाल चहाबरोबर तिथल्या तिथं फोडले गेले आणि तोंडं चालू झाल्यावर बोलणंही चालू झालं.

मी धुळ्याची, निवृत्त शिक्षिका. पहिल्यांदा २०१९ च्या फेब्रुवारीत कोहिमा-इंफाळला गेले, दुसऱ्यांदा २०२४ मध्ये. अशांत भागात शांततेचं काम करणाऱ्या बायकांना भेटायला आपल्याकडचा एखादा गट निघत असेल, तर त्याला आमच्या चुका पुन्हा कराव्या लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे. पर्यटन कंपनीच्या कामाचं यात फारसं काही सापडणार नाही.

आधी एक कागद

पहिल्या बैठकीत प्रत्येकाला एक कोरा कागद द्या आणि "मला तिथून काय शिकायचं आहे" हे पाच ओळींत लिहायला सांगा. ज्याचं वाक्य "त्यांना" या शब्दानं सुरू होतं (त्यांना धीर द्यायचा, त्यांना एकत्र आणायचं) त्याला परत लिहायला लावा. आमच्याकडे सातांपैकी पाच कागद परत गेले, त्यात माझा होता.

अशा भेटींना आपल्याकडे जुनी वाट आहे. अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली ती याचसाठी, की एका प्रांतातल्या माणसांनी दुसऱ्या प्रांतात जाऊन राहावं, भाषा शिकावी. नागपुरात जन्मलेल्या निर्मला देशपांडे २००० साली बायकांची बस घेऊन दिल्लीहून लाहोरला गेल्या होत्या. कारगिलची लढाई होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सरकारं बोलत नसतात तेव्हा साध्या माणसांनी जाऊन बसायचं, एवढंच यामागे असतं.

कोण जाणार

सहा ते आठ जण पुरेत. दहाच्या वर गेलात की ती मिरवणूक होते आणि समोरच्या बाईला ती भाषण करायला उभी आहे असं वाटू लागतं. पुरुष असावेत, पण एक-दोन, आणि मागे बसायची तयारी असलेले. येत्या निवडणुकीत उभं राहायचा विचार असलेल्याला अजिबात नेऊ नका. त्याचा फोटो पहिल्याच दिवशी बॅनरवर दिसतो. एक नर्स किंवा औषधांची माहिती असलेली व्यक्ती हवी. गट धुळ्याच्या एकाच गल्लीतला, एकाच जातीधर्माचा नसावा. नंदुरबारकडची एक आदिवासी कार्यकर्ती आमच्याबरोबर होती. डोंगरातल्या बायका तिच्याशी जितकं बोलल्या तितकं आमच्याशी बोलल्या नाहीत.

दोन महिने अभ्यास

दर रविवारी दोन तास बसा. मणिपूरचा इतिहास न वाचता गेलेला माणूस तिथं पहिला तास फक्त नावं विचारण्यात घालवतो, आणि ती नावं सांगून सांगून तिथल्या बायका थकल्या आहेत.

सुरुवात नुपी लान पासून करा. नुपी लान म्हणजे बायकांचं युद्ध. पहिलं १९०४ चं, इंग्रजांनी पुरुषांना वेठबिगारीला लावलं त्याविरुद्ध. दुसरं १९३९ चं, तांदूळ बाहेर पाठवला जात होता आणि गावात भाव भडकले होते तेव्हाचं. १२ डिसेंबरला बायकांनी दरबारच्या इंग्रज अध्यक्षाला घेरून ठेवलं. त्या बायका बाजारात बसणाऱ्या होत्या, आणि इंफाळचा इमा कैथेल, आयांचा बाजार, आजही बायकाच चालवतात. तो पाहताना हे डोक्यात असेल तर मासे विकणारी बाई नुसती फोटोजोगी दिसत नाही.

मग सत्तरच्या दशकातली निशा बंदी, म्हणजे दारूबंदी. रात्री गल्लीत गस्त घालून दारुड्यांना आणि दारू विकणाऱ्यांना अडवणाऱ्या याच बायका पुढे मशाली घेऊन सुरक्षा दलांच्या रात्रीच्या धरपकडीसमोर उभ्या राहिल्या. त्यांना मैरा पाइबी म्हणतात : मैरा म्हणजे मशाल, पाइबी म्हणजे धरणारी. कुठं काही घडलं की विजेच्या खांबावर दगड आपटून गल्ली जागी करायची, ही त्यांची रीत. इथं आपल्या नंदुरबारकडच्या शहाद्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. त्याच दशकात, १९७२-७३ च्या सुमाराला, श्रमिक संघटनेतल्या भिल्ल बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली होती. दोन्हीकडच्या बायकांना एकमेकींची खबर नव्हती. मात्र हे साम्य तिथं गेल्या गेल्या सांगू नका. त्याची वेळ येते, ती पुढे सांगते.

सशस्त्र दलं विशेषाधिकार कायदा, १९५८ चा, ज्याला सगळे अफस्पा म्हणतात, त्याची दोन कलमं तरी वाचून जा. चौथं गोळी चालवण्याचे आणि वॉरंटशिवाय पकडण्याचे अधिकार देतं. सहावं सांगतं, की केंद्राच्या परवानगीशिवाय जवानावर खटला चालत नाही. इरोम शर्मिला याच कायद्याविरुद्ध नोव्हेंबर २००० पासून ऑगस्ट २०१६ पर्यंत उपोषणाला बसल्या होत्या. जुलै २००४ मध्ये थांगजाम मनोरमा हिला आसाम रायफल्सच्या जवानांनी घरातून उचलून नेल्यावर तिचा मृतदेह सापडला, आणि चार दिवसांनी बारा आया त्या दलाचा तळ असलेल्या इंफाळच्या कांगला किल्ल्याच्या दारात विवस्त्र उभ्या राहिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात आसाम रायफल्सनं कांगला सोडला. ज्यांची माणसं बनावट म्हटल्या जाणाऱ्या चकमकींत मारली गेली त्या विधवांच्या संघटनेनं सर्वोच्च न्यायालयात १,५२८ मृत्यूंची यादी दिली होती. न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल जुलै २०१६ मध्ये आला. 

नागालँडसाठी नागा मदर्स असोसिएशन. १९८४ मध्ये कोहिमात स्थापना, १९९४ पासून "आणखी रक्त सांडू नका" ही मोहीम. या बायका भूमिगत गटांच्या नेत्यांशी जाऊन बोलल्या, आणि त्याच वेळी पोरांच्या व्यसनमुक्तीचं आणि एचआयव्हीचं कामही केलं. तांगखुल नागांमध्ये पुकरैला नावाची जुनी रीत आहे : एका गावातून दुसऱ्या गावात दिलेली मुलगी दोन गावांच्या लढाईत मधे उभी राहिली, तर तिला कुणी हात लावायचा नाही. दोन्ही गावं तिची, एक माहेर, एक सासर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या आपल्या मुलींनी हे ऐकावं असं मला फार वाटतं.

पण आईपणाला मान देणाऱ्या या समाजानं बायकांना विधानसभेत बसू दिलं का, हेही पाहा. नागालँड राज्य १९६३ चं. पहिल्या दोन महिला आमदार २०२३ साली निवडून आल्या. कौतुक करताना हा आकडा खिशात असू द्या.

३ मे २०२३ नंतर

हा भाग अवघड आहे. पहिल्या प्रवासाच्या आठवणींवर आम्ही इतक्या विसंबलो होतो, की दुसऱ्या वेळी तोंडावर पडलो.

त्या दिवशी मणिपुरात खोऱ्यातले मैतेई आणि डोंगरातले कुकी-झो यांच्यात सुरू झालेल्या हिंसाचारात अडीचशेहून जास्त माणसं गेली, साठ हजारांच्या आसपास बेघर झाली. खोरं आणि डोंगर यांच्या मधे सुरक्षा दलांचे पट्टे आले. आणि आपण ज्यांना भेटायला आलो त्या मशालवाल्या आया आता एका बाजूच्या होत्या. जून २०२३ मध्ये इथाम गावात बायकांच्या मोठ्या जमावानं लष्कराला घेरलं आणि पकडलेल्या बारा सशस्त्र माणसांना सोडणं भाग पाडलं. डोंगरातल्या बायकांनीही महामार्ग अडवले. कुकी बायका मैरा पाइबींबद्दल जे सांगतात ते ऐकायला कठीण आहे, आणि बेघर झालेल्या मैतेई बायकांच्या छावणीत जे ऐकू येतं तेही तितकंच कठीण.

आमच्या गटातली एक जण रडवेली होऊन म्हणाली, "मग यांच्याकडून शिकायचं काय?" मला वाटतं, खरं शिकणं इथूनच सुरू होतं. रात्री गल्ली जागी करण्याचं कसब तेच, मशाल तीच. ती कुणासाठी पेटते यावर पुढचं सगळं ठरतं. शांततेचं काम करणारी बाई ढगातून उतरत नाही. तिचाही भाऊ मारला गेलेला असतो. असं असूनही दुसऱ्या बाजूच्या एखादीशी जी फोनवर बोलत राहते, तिला शोधा. अशा असतात, पण त्या व्यासपीठावर नसतात, आणि त्यांचं नाव तुम्ही कुठंही घ्यायचं नाही.

निरोप आणि वेळ

पाच-सहा महिने आधी तिथल्या एखाद्या संस्थेला पत्र लिहा. ईमेल आणि कागदी, दोन्ही. पत्रात सरळ विचारा : तुम्हाला वेळ आहे का, आमच्या येण्यानं तुम्हाला त्रास होईल का? उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ "नको" असा घ्या.

जून ते सप्टेंबर टाळा. डोंगरातले रस्ते दरडींनी बंद पडतात आणि भातलावणीत बायकांना मान वर करायला फुरसत नसते. डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत कोहिमाला हॉर्नबिल महोत्सव असतो, खोली मिळत नाही. जानेवारी ते मार्च बरा. नागा आणि कुकी भागात रविवारी चर्च, बाकी सगळं बंद. रविवारी बैठक मागू नका. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायला मात्र जरूर जा.

परवाना, वाट, गाडी

नागालँडला इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांसाठीचा प्रवेश परवाना, लागतंच. मणिपूरला १ जानेवारी २०२० पासून लागतं. अर्ज ऑनलाइन होतो. छापील प्रती प्रत्येकाकडे चार तरी ठेवा, कारण प्रत्येक नाक्यावर एक मागतात.

धुळ्याहून भुसावळ गाठून गुवाहाटीची गाडी, प्रवासात दोन रात्री. तिथून दिमापूर. दिमापूर ते कोहिमा ७०-७५ किलोमीटर, पण ते घाटातले. कोहिमा-इंफाळ साधारण १४० किलोमीटर, वाटेत आधी नागा आणि मग कुकी वस्तीचा भाग. रेल्वेनं जा असं मी सांगेन. दोन रात्री डब्यात एकत्र काढल्यावर कोण किती बोलतं आणि कुणाला ऐकता येतं, हे तिथं पोचायच्या आधी कळतं.

मैतेई ड्रायव्हर कुकी वस्तीच्या चुराचांदपूरला जाऊ शकत नाही, कुकी ड्रायव्हर मैतेई वस्तीच्या इंफाळला येऊ शकत नाही. बहुतेक जण मैतेई पांगल, म्हणजे तिथल्या मुसलमान समाजातला, किंवा नागा ड्रायव्हर घेतात. दुभाषीही दोन्हीकडे वेगळी लागते. खर्च दुप्पट होतो, तो आधीच धरा. एकच दुभाषी दोन्हीकडे न्यायचा हट्ट धरलात तर तिच्या जिवाशी खेळ होईल. एका बाजूहून दुसऱ्या बाजूला एकाच दिवसात जाऊ नका. मधली रात्र कोहिमाकडे नागा भागात काढा, म्हणजे डोकंही जरा निवतं.

इंटरनेट कधीही बंद होतं. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर, रोख पैसे तीन जणांत वाटून. राहण्याजेवणाचा खर्च आपला आपण. दुभाषीला मानधन आणि तेही पहिल्या दिवशीच ठरवून. छावणीत कुणाच्या हातात पैसे ठेवू नका, एकीला दिले की दहा जणींत भांडण लावून याल. छावणीतल्या बायका लोकरीच्या विणलेल्या बाहुल्या विकतात, त्या घ्या, आणि घासाघीस करू नका.

तोंडातले शब्दही सामानासारखे तपासून घ्या. "अतिरेकी", "घुसखोर", "मुख्य भारत" हे तीन तर धुळ्यातच सोडा. चुराचांदपूरला तिथले बरेच लोक लमका म्हणतात. कुठं काय म्हणायचं ते दुभाषीला विचारा, कारण नावावरूनच तुम्ही कुणाचे ते ठरतं.

बैठक

जमिनीवर बसा. ओळख थोडक्यात : नाव, गाव, घरी कोण. पदं सांगू नका. मग गप्प राहा. पहिली पंधरा मिनिटं जड जातात, आपल्याला शांततेची सवय नाही. कुणी बोलता बोलता थांबलं तर प्रश्न फेकू नका. दुभाषीला दर दोन-तीन वाक्यांनी वेळ द्या आणि बघा मात्र बोलणाऱ्या बाईकडे.

विचारण्यासारखं बरंच असतं. रात्री पाळी कशी लावता? अफवा आली तर खरं-खोटं कुणाला विचारता? घरच्या पुरुषांचं काय म्हणणं? पैसा कुठून येतो? तुमच्यात भांडण झालं तर कोण मिटवतं? हे हाताच्या कामाचे प्रश्न आहेत आणि त्यावर बायका खुलून बोलतात. अत्याचाराबद्दल स्वतःहून एक शब्द विचारायचा नाही. "माफ कराल का?" हा प्रश्न तर वर्तमानपत्रवाल्यांनीही विचारू नये.

आता आमची मोठी चूक. दुसऱ्या खेपेला एका छावणीत, शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला लावून केलेल्या जागेत आम्ही बसलो होतो. दोरीवर पोरांचे कपडे वाळत होते. तास झाला होता, चांगलं चाललं होतं. आणि मीच, तीस वर्षं शिकवायची खोड, बोलून गेले, "दोन्हीकडच्या आया एकत्र बसून का बोलत नाही तुम्ही?"

दुभाषीनं माझ्याकडे पाहिलं. भाषांतर करावं की नाही असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता. मग तिनं केलं. समोरच्या बाईनं काही न बोलता किटली उचलली, माझा अर्धा भरलेला कप पुन्हा काठोकाठ भरला आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या गावात कधी भांडण झालं होतं का?"

६ जानेवारी २०१३. धुळ्यात दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. मी हो म्हणाले.

"तेव्हा तुम्ही कुठं होता?"

मी घरात होते, कडी लावून, टीव्ही पाहत. पलीकडच्या मोहल्ल्यात माझ्या चार विद्यार्थिनींची घरं होती आणि त्यांच्यापैकी एकीलाही मी फोन केला नव्हता. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. हे मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. बाईनं मान हलवली, आणि त्यानंतर ती आमच्याशी खरं बोलायला लागली.

शहाद्याच्या मडक्यांची गोष्ट मी त्यानंतर सांगितली, तिनं "तुमच्याकडच्या बायका काय करतात?" असं विचारल्यावर. ती ऐकून मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्या एकदम पुढे सरकल्या. मडकी कशानं फोडली, काठीनं की दगडानं, हे त्यांना हवं होतं. नंदुरबारच्या आमच्या मैत्रिणीनं अभिनय करून दाखवलं. आपलं सांगायची वेळ ही अशी येते. "आमच्याकडेही अगदी असंच" म्हणत सुरुवात केली असती तर त्या म्हाताऱ्या मागेच बसून राहिल्या असत्या.

वही, फोटो, रात्र

चेहऱ्याचे फोटो नकोत, परवानगी मिळाली तरी नकोत. आज दिलेली परवानगी उद्या तिला महाग पडू शकते. हातांचे, किटलीचे, विणकामाचे काढा. वहीत नावांऐवजी खुणा लिहा. नाक्यावर वही उघडून पाहू शकतात हे धरूनच लिहा. समाजमाध्यमांवर तिथं असेपर्यंत काहीही टाकू नका.

रोज रात्री अर्धा तास गटानं बसायचं. आज कोण मधेच बोललं, कुणाला काय झेपलं नाही, एवढंच. आमची नर्स दुसऱ्या रात्री म्हणाली की तिला उद्या छावणीत यायचं नाही. तिला कुणी आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी ती आयांच्या बाजारात सुकी मासळी निवडत बसली, आणि आमच्यापेक्षा जास्त ऐकून आली.

परतल्यावर

अहवाल लिहिलात तर छापण्याआधी तिकडे पाठवा आणि त्या म्हणतील ते काढून टाका. आमची चार पानं गेली. सभा एकच घ्या, मोठी नको. दोन्ही बाजूंचं सांगा. फक्त एका बाजूचं सांगायचा मोह फार होतो, कारण श्रोत्यांना एक खलनायक हवा असतो. वर्षभर दर महिन्याला एक पत्र किंवा फोन. तिकडून काही मागणं आलं तरच करा.

खरं काम गल्लीत आहे. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार केलं. मणिपुरातही पहिल्या दिवसांत खोट्या बातम्यांनी आग पसरवली. म्हणून परतल्यावर आम्ही एकच गोष्ट उचलली : खांबावर दगड आपटणं, पण उलट्या कामासाठी. चार मोहल्ल्यांतल्या बावीस बायकांची फोनसाखळी केली. मोबाइलवर भडकाऊ काही आलं की पुढं न पाठवता ज्या गल्लीचं नाव त्यात आहे तिथल्या बाईला थेट फोन करायचा आणि विचारायचं, काय व्हयनं बहीन? तिनं दारात जाऊन पाहायचं आणि सांगायचं.

सणांआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, तिथंही आम्ही जायला लागलो. पहिल्या वेळी आमच्यासाठी खुर्च्या नव्हत्या. आता तीन असतात. आम्ही सहा जणी जातो, तिघी उभ्या राहतात, पाळीपाळीनं.